सागाच्या पोटातला पाऊस

जूनचा पहिला आठवडा. तुम्ही चौलच्या रामेश्वराच्या सभामंडपात उभे आहात. बाहेर पुष्करणीचं पाणी पार खाली गेलंय, एरवी बुडालेल्या पायऱ्यांवरचं शेवाळ वाळून सुटायला लागलंय. मंडपात तीन कुंडं झाकलेली आहेत: पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. पावसानं फारच ओढ दिली की गावानं पर्जन्यकुंड उघडून देवाला साकडं घालायचं, अशी इथली जुनी रूढी. पावसाचं कुंड आणि वाऱ्याचं कुंड एका छपराखाली ठेवणाऱ्यांनी कोकणचं हवामान अचूक ओळखलं होतं, असं मला मनापासून वाटतं. चौलला पाऊस वाऱ्यानं आणला, आणि गलबतंही त्याच वाऱ्यानं आणली.

दीड हजार वर्षांहून जास्त काळ हे बंदर गाजत होतं. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी पुस्तिकेत ते आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे, अरबांच्या लिखाणात सैमूर म्हणून आहे, पोर्तुगीज कागदांत तर ठिकठिकाणी आहे. कापड, घोडे, जकात, तोफा, वेढे, सगळं कोणी ना कोणी लिहून ठेवलं. पण कोणत्या साली इथे किती पाऊस पडला आणि तो कुठल्या समुद्रावरून आला, हे त्या व्यापाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या वह्यांत मिळत नाही. ते शोधायला तुम्ही निघाला आहात. ते लाकडात आहे.

माड आणि पोफळी मात्र या कामाच्या नाहीत. वाडीत तोडून टाकलेल्या पोफळीच्या बुंध्याचा आडवा काप बघा. नुसते ठिपके, धाग्यांची टोकं सगळीकडे विखुरलेली; वर्षामागून वर्ष दाखवणारी एकही गोल रेघ नाही. खोडावर बाहेरून दिसतात त्या गळलेल्या झावळ्यांच्या खुणा. आंबा-फणस बारमाही हिरवे, त्यांची वलयं पुसट, भरवशाची नाहीत. तुम्हाला हवा आहे साग. कुंडलिका नदीच्या काठानं आत रोह्याच्या बाजूला गेलात की तो भेटतो. उन्हाळ्यात साग पानं टाकून उघडाबोडका उभा राहतो आणि पाऊस आला की एकदम जागा होतो. जागा होताना आधी मोठ्या पोकळ नळ्यांची एक ओळ घालतो, मग हंगाम पुढे जाईल तसं घट्ट, बारीक लाकूड. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या नळ्या. गुळगुळीत केलेल्या कापावर ही ओळ नुसत्या डोळ्यांनी दिसते, नखाला लागते. एक पावसाळा, एक वलय.

हे कोणी तपासलं, तर आपल्याच लोकांनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत गोविंद बल्लभ पंत आणि हेमंत बोरगावकर यांनी १९८३ साली ठाण्याच्या जंगलातल्या सागाच्या वलयांचा हवामानाशी संबंध जोडून दाखवला. मग १९८९ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले आर. रमेश आणि एस. के. भट्टाचार्य यांनी पंतांबरोबर सागाच्या वलयांतला जड हायड्रोजन मोजला आणि 'नेचर'मध्ये लिहिलं. तोवर हा अभ्यास बहुतेक थंड देशांतल्या झाडांचा होता. उष्ण कटिबंधातलं झाडही आपल्या रसायनात हवामान साठवतं, हे सिद्ध करायला ठाण्याचा साग उपयोगी पडला. चौलपासून सरळ रेषेत तो फार लांब नाही आणि मोसमी वारा दोघांचा एकच.

आता क्षणभर चौल सोडा. दक्षिण हिंदी महासागरावर, मादागास्करच्या पूर्वेला, हवेचा मोठा दाब आहे. तिथून निघालेला वारा तुमच्यासह वायव्येकडे धावतो, केनियाच्या किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगत, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर, त्याचा जोरदार प्रवाह होतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. चौलच्या खलाशांना तो फार आधीपासून शिडात जाणवत होता. खाली अरबी समुद्र आहे आणि वारा त्याचं पाणी उचलतो आहे.

त्या पाण्यातच खरी गोम आहे. पाण्याच्या दर हजार रेणूंत साधारण दोन रेणूंमधला ऑक्सिजन जड असतो, ऑक्सिजन-१८. बाकी जवळजवळ सगळा ऑक्सिजन-१६. जड रेणू समुद्रातून उठताना मागे रेंगाळतो आणि ढगातून पडताना पुढे असतो. म्हणून ढग जितका पाऊस पाडत पुढे जातो, तितकी त्याच्यात उरलेली वाफ हलकी होत जाते. पहिल्या सरी तुलनेनं जड. दिवसेंदिवस कोसळणाऱ्या मोठ्या पावसाचं पाणी हलकं. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचं क्षेत्र देश ओलांडून इकडे सरकतं, तेव्हा त्याच्या वाफेनं वाटेत पुष्कळ पाऊस पाडलेला असतो, तीही हलकी. पाणी किती आलं आणि कुठून आलं, दोन्ही त्या जड-हलक्याच्या प्रमाणात उतरतं.

सागाची मुळं हे पाणी जसंच्या तसं घेतात. जड वेगळं, हलकं वेगळं करत नाहीत. बदल पानात होतो. पानाच्या छिद्रांतून हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागे राहतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं हे जास्त. त्या पाण्यातून साखर, साखरेतून सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे वलय. कोरड्या सालात सहसा दोन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतात: पाऊसही जड आणि पानही तहानलेलं. नुसत्या रुंदीवरून हे कळत नाही. झाड आजारी असेल, शेजारच्या झाडानं ऊन अडवलं असेल, कोणी फांद्या छाटल्या असतील, तरी वलय अरुंद होतं. ऑक्सिजन मात्र अशा घरगुती कारणांनी फारसा बदलत नाही, म्हणून माझा जास्त भरवसा त्याच्यावर.

रोह्याच्या सागाच्या बुंध्याला तुम्ही पोकळ गिरमिट लावता. छातीच्या उंचीवर, सालीशी काटकोनात, दोन्ही हातांनी दांडा फिरवत. आतून निघते ती पेन्सिलपेक्षा बारीक काडी, सालीपासून गाभ्यापर्यंत. प्रयोगशाळेत तिच्यातलं एकेक वलय ब्लेडनं सोलायचं. ते ब्लीचमध्ये आणि मग कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, राळ, तेल, लिग्निन सगळं निघून जाईपर्यंत. सागाची तपकिरी, तेलकट, ओळखीच्या वासाची चीप शेवटी पांढरीशुभ्र, कापसासारखी मऊ होते. तिचा मिलिग्रामपेक्षाही लहान कण चांदीच्या इवल्या पुडीत बांधून हजार अंशांहून जास्त तापलेल्या भट्टीत सोडायचा. त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, मास स्पेक्ट्रोमीटर जड आणि हलका ऑक्सिजन वेगळा मोजतो. एकाच वलयाचे पातळ काप करून मोजले, तर एका पावसाळ्याची सुरुवात, भर आणि शेवट वेगवेगळे वाचता येतात. श्रेयस मानगावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या आणि केरळातल्या सागावर नेमकं हेच केलं.

काडी हातात घ्या. सालीपासून आत सरकायला लागा.

१९६४. चौलशेजारच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या आहेत, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तुम्ही श्वास घेता त्या हवेत किरणोत्सारी कार्बन-१४ नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे. अमेरिकेनं आणि सोव्हिएत रशियानं उघड्या हवेत केलेल्या अणुचाचण्यांनी तो वाढवला. उत्तर गोलार्धाच्या हवेत तो जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानं त्या दोन देशांच्या आणि ब्रिटनच्या उघड्यावरच्या चाचण्या थांबल्या, पण हवेतला कार्बन थांबला नाही. ठाण्याच्या सागात हा फुगवटा मोजला गेला आहे, आणि कच्छच्या आखातातल्या प्रवाळांशी ताडून हवेतला कार्बन समुद्र किती वेगानं घेतो हे काढलं गेलं. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. साग पानं काढतो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात इथे येणारा वारा दक्षिण गोलार्धातून आलेला असतो, जिथे बॉम्बचा कार्बन कमी होता. मोसमी प्रदेशातल्या झाडांत म्हणून दोन्ही गोलार्धांच्या हवेची सरमिसळ सापडते. कुठल्या गोलार्धाचा वारा किती आला, हे कोकणातल्या झाडाच्या लाकडात उतरलेलं असतं.

आणखी आत. १८७७. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पर्जन्यमापक आहे, पाऊस इंचात लिहिला जातोय. म्हणजे इथे यंत्र आणि लाकूड यांची गाठ पडते, आणि लाकडाचं वाचन बरोबर आहे का ते पडताळता येतं. १८७६ चा पाऊस दख्खनला दगा देऊन गेला. सोलापूर, सातारा, पुणे या भागांत पिकं जळाली, माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली, सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपलनं ठरवलेल्या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध त्यांनी संप केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढच्या वर्षी पॅसिफिक महासागरात प्रचंड एल निनो उभा राहिला. तिकडचं गरम पाणी पूर्वेला, पेरूच्या किनाऱ्याकडे सरकलं, त्यामागे ढग आणि वर चढणारी हवाही सरकली, आणि भारतावर हवा खाली उतरायला लागली. खाली उतरणारी हवा ढग बांधू देत नाही. चीन, ब्राझील, आफ्रिका, सगळीकडे त्या दोन-तीन वर्षांत दुष्काळ पडला. जगभर कोट्यवधी माणसं गेली.

चौलच्या वाड्यांना विहिरीचं पाणी होतं, रहाट होते, त्यामुळे कोकणची अवस्था घाटावरच्यासारखी झाली नाही. तरी अशा सालात मंडपातल्या त्या झाकणाकडे लोकांची नजर गेली असणार, यात मला शंका नाही. तुम्ही त्या गर्दीत उभे राहा. कोणाला पेरूचा किनारा माहीत नाही. आभाळ आहे, पण ते गळत नाही. सागाला पानं येतात, पण छिद्रं आकसलेली आहेत, आत जड पाणी साचतंय, वलय बारीक होतंय. ज्या गोष्टीचं कारण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला होतं, ती झाडानं आपल्या परीनं नोंदवली. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका उभी केली आणि २०१० मध्ये छापली. तीत अरुंद वलयं आणि एल निनोची, दुष्काळाची सालं यांचा संबंध दिसतो.

१६३० वर फार थांबू नका. गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळले. देहूत तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा याच दुष्काळात गेले. चौलचा कोट तेव्हा पोर्तुगीजांचा होता, बंदर चालू होतं. इतकंच लक्षात ठेवा की केरळची मालिका या सालाच्याही मागे जाते.

१४७० च्या आसपास उतरा आणि इथे मात्र रेंगाळा. त्वेर गावचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझकडून समुद्रानं चौलला उतरला आहे, बरोबर विकायला एक घोडा. लोक या गोऱ्या माणसाच्या मागे मागे फिरतायत. तुम्ही त्याच्याबरोबर चालायला लागा. चौलहून आठ दिवसांनी पाली, मग घाट चढून उमरी, मग जुन्नर. जुन्नरला पावसानं त्याला गाठलं. पावसाळ्याला तो हिवाळा समजला आणि चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल होता, असं त्यानं लिहून ठेवलं. याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, याची नोंद करायलाही तो विसरला नाही. या रस्त्यावरच्या पावसाचं परक्या माणसानं केलेलं इतकं जुनं वर्णन दुसरं कुठलं असेल, तर ते माझ्या वाचनात नाही.

त्याच्या वाटेकडे ढगाची वाट म्हणून बघा. चौलच्या किनाऱ्यावर आलेली वाफ सह्याद्रीवर चढते, थंड होते आणि कोसळते. ओझंवाला घाटाच्या पायथ्याशीच टेकतो, तसे जड रेणू आधी उतरतात. माथा ओलांडून जुन्नरकडे पोचते ती हलकी, थकलेली वाफ. पण हिशेब एवढा सरळ नाही. पलीकडची हवा कोरडी असते, थेंब पडता पडता थोडा आटतो आणि पुन्हा जड होतो. म्हणून चौलच्या बाजूचा साग आणि जुन्नरच्या बाजूचा साग एकाच सूत्रानं वाचता येत नाही. प्रत्येक ठिकाणच्या झाडाची भाषा तिथल्या पावसाच्या मोजमापांवरून आधी शिकून घ्यावी लागते. घाई करणाऱ्यांची इथेच फसगत होते.

इतक्या मागे उभं झाड तुम्हाला नेऊ शकत नाही. आता जुनं लाकूड लागेल. तुळया, दारं, गलबतांच्या फळ्या.

९१६ च्या सुमारास सैमूरला अरब प्रवासी अल मसूदी आला. शिलाहार राजा झंझ याचं राज्य. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले हजारो मुसलमान इथे राहत, देशी बायकांशी लग्नं करून स्थायिक झालेले. त्यानं आकडा दहा हजारांचा दिलाय. सिराफमधली घरं सागाची होती असं अरब भूगोलकार सांगतात. त्याआधीची गोष्ट तर आणखी विलक्षण. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर उकरताना भिंतींमध्ये सागाच्या तुळया सापडल्या, बहुधा मोडीत काढलेल्या गलबतांच्या. साग तिकडे उगवत नाही. भारतातले पावसाळे वाळवंटातल्या भिंतीत जाऊन बसले होते.

सैमूरमध्येच ९९३ पर्यंत पुढे या. सूर्यावरून कणांचा प्रचंड लोंढा पृथ्वीवर आदळला आणि हवेतला कार्बन-१४ एका वर्षात उसळला. बंदरात कोणाला काही जाणवलं नाही. जपानच्या फुसा मियाके यांनी आधी ७७४-७७५ ची आणि मग ९९३-९९४ ची अशी उसळी वृक्षवलयांत शोधली. ती जगभरच्या झाडांत एकाच वेळी दिसते, त्यामुळे कोणत्याही अनाम लाकडाला त्या वलयापाशी खुंटी मारता येते. न्यूफाउंडलंडमध्ये वायकिंगांनी तोडलेल्या लाकडात ९९३ चं वलय सापडलं, तिथून सालीपर्यंत २८ वलयं मोजली आणि तोडीचं साल निघालं: १०२१. तसाच एक तुकडा आपल्या किनाऱ्यावर सापडला, तर शिलाहारांच्या काळातला पावसाळा वर्षानिशी वाचता येईल. जाता जाता सांगतो, अशा कणांना अडवणारं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चौलच्या अगदी शेजारी मोजलं जातं, अलिबागला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं ते काम १९०४ मध्ये तिकडे हलवलं.

आता परत या, आजच्या चौलमध्ये. पाखाडीवर एक जुनं घर उतरवायचं काम चाललंय. कौलं एका बाजूला रचलेली, वासे दुसरीकडे, आणि अंगणात मधली तुळई आडवी. मुंबईहून लाकूडवाला आलाय. असा साग रंधा मारून टेबलं, झोपाळे, रिसॉर्टची दारं करायला जातो. खराब टोकं चुलीत. कोकणभर आणि घाटावरही हे रोज चाललंय. कागदाचं एखादं दप्तर जळालं तर आपण हळहळतो, मग तुळईबद्दल गप्प का राहतो, हे मला कधी पटलेलं नाही.

"दादा, या टोकाचा चार बोटं जाडीचा काप देता का?"

"न्या की. काय करणार त्याचं?"

"पाऊस मोजायचाय."

सुतारदादा हसतील, पण करवत लावतील. कुठलं टोक घ्यायचं ते बघून सांगा. सागाच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी लागते, म्हणून जुने सुतार तो तासून टाकत, आणि त्याबरोबर शेवटची वर्षंही जात. तो भाग जिथे थोडा तरी राहिलाय, तिथला काप हवा. त्याला तेल, पॉलिश, वाळवीचं औषध लावू नका. कापावर पेन्सिलीनं लिहा: गाव, घर, कुठली तुळई, कुठल्या खोलीवर, घर कधी बांधल्याचं घरचे सांगतात, कधी उतरवलं. कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते.

पहिला प्रश्न असेल की हे लाकूड मुळात कुठलं. चौल बंदर होतं. तुळई रोह्याची असेल किंवा मलबारहून गलबतानं आलेली. त्याचं उत्तरही रसायनातच आहे. झाड मुळातून स्ट्रॉन्शियम घेतं. दख्खनचा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, केरळचे खडक कितीतरी पुरातन, आणि दोन्हींतलं स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं. समुद्राचं खारं वारं त्यात आपली भर घालतं, तेवढी वजा करावी लागते. मूळ ठरलं की वलयं मोजायची, ठाण्याच्या आणि केरळच्या मालिकांशी जुळवून बघायची, आणि मग ऑक्सिजन. असं काम पुण्याच्या संस्थेत आणि लखनऊच्या बीरबल साहनी संस्थेत चालतं. एका तुळईनं भागत नाही. सालं पक्की करायला एकाच परिसरातले बरेच काप लागतात.

म्हणून निघण्याआधी सुतारदादांचा फोन नंबर घ्या. पुढच्या आळीतलं घर दिवाळीनंतर उतरवायचंय, असं ते मघाशी बोलता बोलता म्हणाले.